कानाखालचा भोवरा

६ जानेवारी

बारक्या,

आत्याचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "अगं, त्याचा गळा नुसता किसणीसारखा झालाय. हात लावू देत नाही, कॉलर वर करून फिरतो." अग्निशमनच्या प्रशिक्षणात धुरात जाताना मास्क लावावा लागतो, तो उघड्या कातडीवर घट्ट बसायला हवा, म्हणून दाढी ठेवता येत नाही, आणि दाढी केली की पुळ्या येतात, हेही तिनेच सांगितलं. चोवीस फेब्रुवारीला मास्कची परीक्षा आहे आणि कडेने हवा आत शिरली तर तुला परत पाठवतील, इतकं मला कळलं आहे. बाकीचं विचारत नाही.

मे महिन्यात जाताना तू म्हणालास की माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. ते मी लक्षात ठेवलं आहे. हे पत्र फक्त दाढीबद्दल आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

बाईमाणसाला दाढीतलं काय कळतं, असं तुला वाटेल. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला, तेव्हापासून चौदा महिने एक दिवसाआड मी त्यांची दाढी केली. पहिले चार महिने वाईट केली. त्यांचा गळाही असाच झाला होता. तुमचे केस सारखेच, जाड आणि वळणारे. असा केस फार खोलवर कापला की त्याचं टोक वळून पुन्हा कातडीत शिरतं आणि तिथे पुळी येते. म्हणजे दाढी जितकी गुळगुळीत, तितका त्रास जास्त. तू चार पात्यांचा रेझर टाकून साधा सेफ्टी रेझर घेतलास असं आत्या म्हणाली, ते बरं केलंस. एका पात्याने केस कातडीच्या वर राहतो.

आता पाच-सहा दिवस ब्लेड लावूच नकोस. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून प्रशिक्षणाच्या मास्तरांकडून तेवढी सवड मिळते का बघ. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात फडकं पिळून गळ्यावर धर. पुळ्या फोडू नकोस. लहानपणी गुडघ्याची खपली काढल्याशिवाय तुला झोप येत नसे, ती सवय अजून असेल तर सोड. पुळ्या बसल्या की मग दाढी कर, आणि आंघोळीनंतर कर. केस भिजून मऊ झालेले असले की ब्लेडला भांडावं लागत नाही.

बाबांचा रेझर कपाटात आहे, ब्रश आणि साबणाच्या डबीसकट. हवा असेल तर पाठवते.

आई


१४ जानेवारी

बारक्या,

मागच्या पत्रात दाढीचं बरंच राहून गेलं.

कोपऱ्यावरच्या सलूनमधला न्हावी तुला आठवत असेल. तुझे केस कापताना बडबड करून तुला हसवायचा आणि मग "हलू नकोस" म्हणून ओरडायचा, तो. आजारी पडल्यावर बाबांना बाहेरचं कोणी घरात नको होतं, म्हणून त्याला बोलावलं नव्हतं. चौथ्या महिन्यात पुळ्यांतून पू यायला लागला, तेव्हा बाबांना न विचारता मी त्याला घेऊन आले. तो दारात उभा राहून माझं काम बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, दाढी करताय का भांडं घासताय?"

बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं, पण आलं.

न्हाव्याने माझ्या हातातून रेझर घेतला आणि दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत नुसता धरला. "याला स्वतःचं वजन आहे. त्यात तुमचं घालू नका. राग काढायचा असेल तर मी आहे ना समोर."

मी म्हटलं, "राग नाही हो. भीती वाटते."

"मग तर आणखीच हलका हात पाहिजे," तो म्हणाला. "आणि उलटी दाढी विसरून जा. कातडी ताणायची नाही, एका जागेवर दोनदा फिरायचं नाही. केस जातात तिकडे जायचं. गवत झोपलंय तसं कापायचं, उठवायचं नाही."

बाबा बोलू शकत नव्हते, पाटीवर डाव्या हाताने लिहीत. त्यांनी लिहिलं, "तोंड साफ पाहिजे." शाळेत तीस वर्षं मुलांची नखं आणि कॉलरी तपासलेला व्यायामशिक्षक, दुसरं काय लिहिणार! न्हावी म्हणाला, "साफ होईल सर. पण सुलट."

केस कुठून कुठे जातात ते आधी बघा, असं तो सांगून गेला. बघायचं म्हणजे माझ्या दृष्टीने नकाशाच काढायचा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी जन्मभर नळांचे नकाशे काढले आणि पाणी कुठून कुठे जातं त्याचे बाण दाखवले. गळ्याचंही तेच केलं. दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत लागलं की कल तिकडे, खरखर लागली की ती उलट बाजू. गळ्यावर सगळे केस वरून खाली जातात. फक्त एका कानाखाली, जबड्याच्या आड, भोवरा आहे. तिथले केस खालून वर जातात. तुलाही तो आहे. तुला पहिली दाढी आली तेव्हा बाबांनीच बघितला होता. म्हणाले, "घ्यायच्या गोष्टी सोडून हा माझा भोवरा घेतलाय बघ यानं."

नकाशा मी चार वेळा सुधारला. शेवटची प्रत सोबत आहे. आरशाशेजारी चिकटव आणि बाणांप्रमाणे जा.

आई


२५ जानेवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "पत्रं मिळाली. रेझर पाठवू नकोस." पाच शब्द. मी तीनदा वाचले, म्हणजे पंधरा झाले.

रेझर पाठवत नाही. आहे तिथे राहू दे.

थोडं उरलेलं लिहिते. ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर बदलत जा. बाबा एक ब्लेड महिनाभर वापरायचे आणि त्याचा अभिमानही बाळगायचे, ते चुकीचं होतं. फेस घाईने लावू नकोस, ब्रश गोल गोल फिरवून केसांच्या मुळाशी जाऊ दे आणि दोन मिनिटं तसाच ठेव. छोटे छोटे हात मार आणि प्रत्येक हातानंतर रेझर पाण्यात बुडव. शेवटी गार पाणी, आणि टॉवेलने टिपून घे, रगडू नकोस. वासाचं, झोंबणारं काही लावायचं नाही. झोंबलं म्हणजे काम झालं, हा पुरुषांचा गैरसमज आहे. एखादा केस आत वळलेला दिसला तर सुई उकळून घे आणि नुसतं टोक बाहेर काढ. उपटू नकोस.

मे महिन्यात दारात उभा राहून तू मला विचारलंस, "चौदा महिने दर रविवारी माणूस झोपलेलाच असतो होय?" तेव्हा मी काही बोलले नाही. तुझा फोन यायचा आणि मी म्हणायचे, झोपलेत. बाबांनी जन्मात दुपारी डोळा मिटला नाही, हे तुला माहीत होतं. मला नीट खोटंही बोलता आलं नाही. तुला वाटत राहिलं की ते अजून रागावलेले आहेत, आणि मी वाटू दिलं.

हे पत्र दाढीबद्दलच ठेवायचं ठरवलं होतं. थांबते.

आई


५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आज सकाळी आलं. डबा भरायचा अर्धवट टाकून मी न्हाणीघरात गेले, त्याचं कारण पुढे सांगते.

तू लिहितोस की नकाशाप्रमाणे चार वेळा केली, बाकी गळा बराच बरा आहे, पण दोन्ही कानांखाली आधीपेक्षा वाईट झालंय, रक्त येतंय. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "दाढी केलीस का मांजराशी भांडलास?" आणि असंच राहिलं तर चोवीस तारखेला परीक्षेला बसवणारच नाही, असंही म्हणाले.

नकाशाची एक प्रत माझ्याकडे आहे. ती आरशाशेजारी धरून मी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून बघितलं, तू करत असशील तसं. चूक तुझी नाही, माझी आहे.

हा नकाशा मी बाबांच्या समोर बसून काढला. समोर बसलेल्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो. म्हणून कागदावर भोवरा डावीकडे आला. पण आरशात तुझा उजवा कान उजवीकडेच दिसतो. तू कागद बघून डाव्या कानाखाली खालून वर गेलास आणि उजव्या कानाखाली वरून खाली. दोन्हीकडे उलटी दाढी झाली. भोवरा तुझ्या उजव्या कानाखाली आहे.

आमच्या ऑफिसात उत्तर दिशा न दाखवलेला नकाशा मोठे साहेब हातात घेत नसत. "बाई, तुमचं पाणी डोंगर चढणार का?" म्हणून परत करायचे. एवढ्या वर्षांत माझा नकाशा दोनदाच परत आला होता. हा तिसरा. तारीख टाकायला मी कधी विसरले नाही, पण कुठून बघायचं ते लिहायला विसरले.

कागद काढ, उलटा कर आणि उजेडासमोर धर. मागून जो दिसतो तो तुझा नकाशा. चार दिवस गळ्याला विश्रांती दे आणि मग त्याप्रमाणे जा. अजून वेळ आहे.

पत्राच्या शेवटी तू दुसरा प्रश्न विचारला आहेस. "कोपऱ्यात दोन मे लिहिलंय. बाबा नऊ मेला गेले. दोन मेला तू नकाशे काढत बसली होतीस?"

हो. उद्या लिहिते. आज हे पत्र पोस्टात पडायला हवं, नाहीतर परवा पुन्हा तू उलट दाढी करशील.

आई


६ फेब्रुवारी

बारक्या,

तू शिक्षकाचा कोर्स अर्धवट सोडून अग्निशमनच्या भरतीला गेलास, तेव्हा बाबा तुला म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन काही बोलले नाही. माझं सगळ्यात जुनं न बोलणं ते.

वर्षभराने ते आजारी पडले. मी तुला कळवायला निघाले तर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "मीच त्याला तोंड दाखवू नको म्हटलं. आता हे तोंड कसं दाखवू?" ओठ एका बाजूला लोंबत होता, लाळ गळायची. रोज सकाळी सहाला तुळतुळीत दाढी करून शाळेत जाणारा माणूस. मी त्यांचं ऐकलं. तू म्हणालास मी तुला त्यांच्यापासून तोडलं. त्यांचा हट्ट होता हे खरं, पण रविवारी फोन माझ्या हातात असायचा, हेही खरं.

आता तुला माहीत नाही ते लिहिते.

एप्रिलमध्ये त्यांना ताप आला. आठ दिवस दाढी केली नाही. मग घाईघाईने वाढलेल्या केसांवर मी जुनंच ब्लेड फिरवलं आणि पुन्हा गळाभर पुळ्या आल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, "बारक्याला बोलाव." मी उठले सुद्धा. त्यांनी हात करून थांबवलं, पुसलं आणि लिहिलं, "तोंड साफ झालं की."

त्यानंतर मी जशी दाढी केली तशी कोणत्याही न्हाव्याने केली नसेल. गरम फडकी, नवं ब्लेड, हलका हात. महिनाअखेरीस गळा साफ झाला. फक्त उजव्या कानाखाली दोन पुळ्या राहिल्या, भोवऱ्यावर. मी तिथला एक बाण चुकीचा काढला होता. दोन मेला मी तो दुरुस्त केला. तुला पत्र लिहून तयार होतं, पाकिटावर पत्ताही घातला होता. बाबांना आरसा दाखवला. त्यांनी मान वळवून कानाखाली बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. विचारत होते की पुरे का. मी म्हटलं, "अजून आठ दिवस थांबू. अगदी साफ होऊ दे."

ते मी म्हटलं. त्यांनी नाही.

सातव्या दिवशी ते गेले. तोवर पुळ्या बऱ्या झाल्या होत्या. तू आलास तेव्हा म्हणालास की बाबांचा चेहरा किती छान दिसतोय. मला तुझ्यासमोर उभं राहवेना, म्हणून मी आत गेले. तुला वाटलं मला तुझ्याशी बोलायचं नाही.

त्या दोन पुळ्या तीन हातांवरून दिसतही नव्हत्या.

एवढंच आहे. यात मी काही लपवलेलं नाही.

आई


१७ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

परीक्षेचं तेवढं सांगते. बावीसला दाढी कर, तेवीसला करू नकोस, चोवीसला सकाळी कर. परीक्षेच्या दिवशी वाटेल की एकदा उलटा हात मारून घ्यावा म्हणजे मास्क आणखी घट्ट बसेल. मारू नकोस. फेस पुन्हा लाव आणि सुलटाच हात दुसऱ्यांदा फिरव, फक्त मास्कची कड जिथे टेकते तिथे. नवं ब्लेड आदल्या दिवशी काढून ठेव. घड्याळाकडे बघत दाढी करू नकोस, अर्धा तास आधी ऊठ.

माझ्यावर राग असेल तो असू दे. रेझरवर तो घालू नकोस, त्याला स्वतःचं वजन आहे.

आई


२ मार्च

बारक्या,

पोस्टमन जिन्यातूनच ओरडला, "बाई, आज जाड पत्र आहे!" त्यालाही आता कळायला लागलंय.

पास झालास. हे वाक्य मी पुन्हा लिहिते, पास झालास. मास्तरांनी गळ्यावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "आता माणसाचा गळा वाटतोय." मग दहा मिनिटं धुराच्या खोलीत, आणि मास्कमध्ये जराही धूर आला नाही. कानाखाली एक पुळी होती तरी. हे मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी सांगितलं म्हणून झालं." तिला तसं समजू दे.

तुझ्या पत्राचं तिसरं पान मी तिला वाचून दाखवलं नाही. तू लिहितोस, "मला पुळ्या असलेले बाबा चालले असते." त्याखाली अर्धी ओळ कोरी आहे आणि मग, "पण मीही तेच करत होतो. दोनदा भरतीत नापास झालो. निवड झाल्यावरच घरी यायचं ठरवलं होतं. बाबांना दाखवण्यासारखं काहीतरी घेऊन. निवडीचं पत्र जूनमध्ये आलं."

हे मला माहीत नव्हतं. मी तर समजत होते की तू रागावून येत नाहीस. ते तिकडे आणि तू इकडे, दोघंही तोंड साफ व्हायची वाट बघत होतात. नुसता गळ्याचा भोवराच नाही, बाकीचंही तू त्यांचं घेतलं आहेस. आणि थोडं माझं.

पंधरा तारखेला चार दिवसांची सुट्टी आहे आणि रेझर पोस्टाने न पाठवता तू येऊन घेऊन जाणार, हे वाचून मी कपाट उघडलं. ब्रश धुऊन खिडकीत वाळत ठेवला आहे. रेझरच्या दांड्यावर साबण चढला होता तो जुन्या टूथब्रशने काढला. न्हाव्यालाही सांगून आले. तो म्हणाला, "बारक्या म्हणजे तो सहा फुटी? त्याला म्हणावं खाली बस, मला आता शिडी चढवत नाही."

कानाखालचा कल तुला स्वतःला नीट कळत नाही असं तू म्हणतोस, तर इथे आल्यावर नवा नकाशा काढू. तुझ्या गळ्याचा, बाबांच्या नाही. तू आरशासमोर खुर्चीत बस, मी तुझ्या मागे उभी राहून आरशात बघून काढीन, म्हणजे तुझं उजवं ते माझंही उजवं. दिशा आधी लिहीन, तारीख नंतर. त्यासाठी येण्याआधी दोन दिवस दाढी करू नकोस. केस वाढलेले असले तरच त्यांचा कल कळतो.

आणि तोवर पुन्हा पुळ्या आल्या तर बऱ्या व्हायची वाट बघत बसू नकोस. तसाच ये.

आई